इलेक्ट्रिक कार, नऊ महिने, कोल्हापूर: गाडीआधी घरचं अर्थिंग बघा

गेल्या सप्टेंबरात गाडी आली, आता १० हजार किलोमीटर झालेत. बॅटरी ३० युनिटची (kWh), एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी रोजचं जाणं-येणं, एका चार्जमध्ये एसी लावून गावात २१० किलोमीटरपर्यंत निघतात, हायवेला ९० च्या स्पीडनं हाणली की १७०-१८०. पन्हाळ्याला चढताना १४-१५ टक्के बॅटरी खाते पण उतरताना तीन-चारमध्ये घरी येते, कारण उतारावर रीजननं, म्हणजे मोटरच वीज तयार करते त्यानं, बॅटरी परत भरते. पुण्याला जाताना साताऱ्याला एक चार्जिंग, चहा-नाश्त्याच्या वेळेत होतं. गाडीवर खूश आहे, मनापासून.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. एप्रिलमध्ये रात्री चार्जिंगला लावली आणि सकाळी बघतो तर टक्का होता तेवढाच, स्क्रीनवर फॉल्ट. सर्व्हिस सेंटरनं दोन दिवस गाडी ठेवून घेतली, गाडीत काही नाही म्हणून परत दिली, घरी आलो की परत तेच. शेवटी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं, त्यानं न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं तर १४ आलं, ते दोन-तीनच्या आत पाहिजे. अर्थिंगचा खड्डा वडिलांनी घर बांधलं तेव्हाचा, पाईप गंजलेला, उन्हाळ्यात माती पार वाळून गेलेली. म्हणजे गाडी बरोबरच होती, अर्थिंग नीट नाही म्हणून ती चार्जिंग घेत नव्हती, आणि त्याच अर्थिंगवर आमचा गिझर नि वॉशिंग मशीन इतकी वर्षं चाललेलं, हे कळल्यावर अंगावर काटा आला. नवीन खड्डा काढला, मीठ-कोळसा घातला, उन्हाळ्यात दर रविवारी आई त्यात दोन बादल्या पाणी ओतते. त्यानंतर एकदाही फॉल्ट नाही.

त्याच वेळी सॉकेट पण बदलला. १५ अँपिअरचा साधा सॉकेट गिझरला अर्धा तास चालतो, गाडी मात्र सलग आठ-नऊ तास ओढते, आमच्या जुन्या प्लगची पिन काळी पडायला लागली होती. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि लीकेज झालं की ट्रिप होणारं आरसीबीओ, एवढं करून घ्याच. एक्स्टेंशन बोर्डवर चार्जिंग अजिबात नको, एका रात्रीपुरतं सुद्धा नको! मी अजून पंधरा दिवसांतून एकदा चार्जिंग चालू असताना प्लगला हात लावून बघतो, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर लगेच बंद. बाकी बिलाचं म्हणाल तर महिन्याला दीडशे-एकशेसाठ युनिट वाढतात आणि स्लॅब वर सरकतो, ते हिशोबात धरा.

देखभाल अशी फार नाही. गाडी जड असल्यामुळं टायरची हवा दर दोन आठवड्यांनी बघतो. आठवड्यातून एकदा १०० टक्के भरतो, एलएफपीला ते लागतं, नाहीतर टक्का चुकीचा दाखवते. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली दुसऱ्या प्रकारची बॅटरी असेल तर रोज ८० पर्यंतच भरा. आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका, लग्नासाठी १५ दिवस गावाला गेलो आणि परत आलो तर मोठी बॅटरी ६० टक्के, पण छोटी उतरलेली, त्यामुळं गाडी चालूच होईना.

आता पावसाळा. २०२१ च्या महापुरात आमची पेट्रोल गाडी दारातच बुडालेली, त्यामुळं ही भीती मनातून जात नाही. बॅटरीला पाण्यापासून संरक्षणाचं आयपी६७ रेटिंग असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेपण उभ्या पाण्यात, पंचगंगेच्या वाहत्या पाण्यात गाडी घाला असा त्याचा अर्थ नव्हे. आणि गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर चालू करून बघायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही, घरापासून लांब मोकळ्यावर ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवायचं, कारण बॅटरीत पाणी गेलं असेल तर आग काही दिवसांनी पण लागू शकते. आमच्या घरात ठरलंय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट झालं, म्हणजे इशारा पातळी आली, की गाडी फुल्ल चार्ज करून राजारामपुरीत मामांच्या दारात न्यायची, ४३ ची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघायची नाही. पूर आला की लाईट पण जाते, मग चार्ज कुठं करणार.