ताण मोजणारा बँड: कर सल्लागाराच्या ऑफिसातले आठ-नऊ महिने

२०२५ चा मार्चएंड उरकला आणि एप्रिलमध्ये हा बँड घेतला. किंमत तीन हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले बहुतेक बँड आतून सारखेच असतात आणि मला जे सांगायचंय ते नावावर अवलंबून नाही. मी नाशिकला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. ७ तारखेला टीडीएसचा (कापून घेतलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न), आणि जुलैपासून पुढे रिटर्न आणि ऑडिटची रांग. खोक्यावर ‘चोवीस तास स्ट्रेस मॉनिटरिंग’ असं ठळक छापलं होतं, ते वाचूनच घेतला. आज नेमकी तीच सोय बंद करून ठेवली आहे. बँड मात्र रोज हातात असतो.

ताण मोजण्याची ही भानगड काय आहे ते आधी सांगते. बँडच्या पोटाला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड किंचित बदलतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं. श्वास घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. शरीर निवांत असलं की हा चढउतार सहसा जास्त असतो, दडपणाखाली कमी होतो. बँड त्यावरूनच शून्य ते शंभरमधला एक आकडा काढून ‘ताण’ म्हणून दाखवतो. अडचण अशी की हा चढउतार ताप असला, झोप अपुरी झाली, जिना चढलात, कडक चहा घेतलात, पोटभर जेवलात, तरी कमी होऊ शकतो. बँडला त्यातलं काहीच ठाऊक नसतं.

त्यामुळे रविवारी घरच्यांबरोबर झणझणीत मिसळ, वर दोन कटिंग, मजेत गप्पा, आणि आकडा ८१, लाल. उलट साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं त्या दुपारी ४०, हिरवा.

ऑगस्टची २० तारीख तर लक्षात राहण्यासारखी. संध्याकाळी सहाला एका हार्डवेअरवाल्या पार्टीनं, म्हणजे आमच्या ग्राहकानं, खरेदीची बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवली. दोन फोटो उलटे, एकावर अंगठा, जीएसटी नंबर बरोबर अंगठ्याखाली. २बी, म्हणजे पोर्टलवर दिसणारी खरेदीची यादी, बिलांशी जुळत नव्हती. पोर्टल गोल गोल फिरत होतं. ओटीपी जायचा पार्टीच्या मोबाइलवर आणि पार्टी दुकान बंद करून लग्नाच्या बोलणीला गेलेली. तेवढ्यात मनगट थरथरलं: ‘तुमचा ताण वाढलेला दिसतो. थोडा वेळ शांत बसा.’ शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “त्याला म्हणावं, तूच भर मग ३बी.” त्याच रात्री सेटिंगमध्ये जाऊन ताणाच्या सूचना बंद केल्या.

इथून पुढे बँड खरा उपयोगी पडायला लागला.

पहिला उपयोग झोपेचा, आणि तोही अर्धाच. ‘गाढ झोप’, ‘स्वप्नांची झोप’ असे रंगीत पट्टे दिसतात, त्यांच्यावर मी भरवसा ठेवत नाही. झोपेचे टप्पे नीट मोजायचे तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचे तरंग बघावे लागतात, मनगटावरून तो अंदाजच. सकाळी उठून झोपेचे गुण बघायची सवय तर सोडलेलीच बरी. छान उठलेला माणूस ‘५८, असमाधानकारक’ वाचून दिवसभर दमल्यासारखा वागतो. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ मध्ये असे रुग्ण नोंदवले होते, ट्रॅकरवरची झोप सुधारण्याच्या नादात ज्यांची झोप आणखी बिघडली. त्याला त्यांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं. आपल्याकडे या नावाचा रोग यायला वेळ लागणार नाही, बँड बऱ्यापैकी स्वस्त झालेत.

पण किती वाजता आडवी झाले आणि किती वाजता उठले, एवढं तो बरोबर धरतो. आठवड्याचा तक्ता रविवारी एकदा बघते. त्यात जे दिसलं ते माझ्या समजुतीच्या उलट होतं. मला वाटायचं, फायलिंगच्या आठवड्यात झोप कमी मिळते म्हणून मी चिडचिडी होते. तासांचा फरक फार नव्हता. झोपायची वेळ मात्र साडेदहापासून दीडपर्यंत कुठेही पळत होती, आणि रविवारी नऊपर्यंत लोळणं. मग रात्रीच्या वेळेशी भांडण सोडलं, कारण ती माझ्या हातात नाही. उठायची वेळ तेवढी पक्की केली, सहा, रविवारी फार तर पावणेसात. तीनेक आठवड्यांत रात्री डोळे आपसूक मिटायला लागले. यात बँडची एक साधी सोय मला सगळ्यात आवडते, थरथरणारा गजर. घरात कोणाची झोपमोड न होता मी उठते. तीन हजारांतले दीड हजार मी या गजराचेच धरते.

चहाचंही तसंच. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, कोणाला जास्त. आमचा टपरीचा शेवटचा राउंड साडेसहाचा असायचा, म्हणजे साडेअकराला मी आडवी व्हायचे तेव्हा त्यातला अर्धा कप अंगात जागाच. चहा सोडणं मला जमणार नाही आणि सोडायचाही नाही. शेवटचा कप चारला आणला, साडेसहाला आल्याचं गरम पाणी पिते आणि कंपूत उभी राहते. गप्पा त्याच.

आता पावलं. दहा हजारांचं जे टार्गेट बँड स्वतःहून लावून देतो, ते कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेलं नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पेडोमीटर विकायला काढला, त्याच्या जाहिरातीतून तो गोल आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास आला. त्यांचं सरासरी वय ७२. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर फायदा वाढायचा थांबला. मी सत्तरीची नाही, पण टार्गेट सहा हजारांवर आणून ठेवायला मला एवढं पुरलं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे जायचा उत्साह मेपर्यंत टिकला, पाऊस आणि रिटर्न एकदम सुरू झाले तसा संपला. त्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं शरणपूर रोडला एक चक्कर आणि रात्री जेवल्यावर सोसायटीत शतपावली. ही मात्र ऑडिटच्या दिवसांतही टिकली, कारण त्यासाठी बूट घालावे लागत नाहीत.

मोजणीत गमती आहेत. पोळ्या लाटताना पावलं वाढतात. वीसेक पोळ्या झाल्या की दोनशे-अडीचशे पावलं फुकटात जमा! भाजीच्या दोन जड पिशव्या धरून चालत आलं की हात हलत नाही, मग निम्मी गायब. सासूबाईंनी चार दिवस हौसेनं बँड घातला, त्यांची पावलं माझ्यापेक्षा रोज जास्त. एकदाही घराबाहेर न पडता. “बसतेस कधी तू, असं मला कोणी विचारत नाही,” म्हणाल्या आणि बँड परत दिला. त्यावर मी काही बोलले नाही, पण संध्याकाळच्या पोळ्या आता आठवड्यातले चार दिवस आमचे हे लाटतात.

श्वासाचा व्यायाम बँडमध्ये आहे. एक गोल फुगतो, आकसतो, त्याबरोबर श्वास घ्यायचा, सोडायचा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब. या गतीला नाडीचा तो चढउतार सगळ्यात मोठा होतो, म्हणून हे निव्वळ मनाचं समाधान नाही. पण ज्यांना अनुलोम-विलोम येतं त्यांना यासाठी बँडची गरज नाही. मी पोर्टल लोड होताना तेवढाच करते. त्यानं पोर्टल लवकर उघडत नाही, पार्टीला फोन लावल्यावर माझा आवाज तेवढा खाली राहतो.

मला सगळ्यात विश्वासाचा वाटलेला आकडा म्हणजे रात्रीची विश्रांतीतली नाडी. माझी एरवी ६६-६७ असते. जुलैत अंगात ताप भरला त्याच्या आदल्या रात्री ती ७५ वर गेली होती. सप्टेंबरात आठवडेच्या आठवडे ७२-७३. त्या वर्षी प्राप्तिकर रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, ऐन वेळी आणखी एक दिवस मिळाला. ऑडिटची ३० सप्टेंबरवरून आधी ३१ ऑक्टोबर, मग १० नोव्हेंबर. मुदतवाढीचा मेसेज आला की ऑफिसात टाळ्या पडतात, पेढेसुद्धा येतात. माझा आलेख सांगतो की त्यानं डोंगर कमी झाला नाही, लांब झाला. पार्ट्या आणखी निवांत झाल्या आणि आमची दिवाळी फायलींच्या सावलीत गेली.

नाडी खाली आली ती डिसेंबरात, आणि त्याचं श्रेय ना बँडला ना श्वासाला. साहेबांनी नोटीस काढली: खरेदी-विक्रीची बिलं ठरलेल्या तारखेनंतर आली तर जास्तीची फी, आणि ओटीपीसाठी पार्टीनं एक माणूस नेमून द्यायचा. दोन पार्ट्या नाराज होऊन गेल्या. बाकीच्यांची बिलं वेळेवर यायला लागली. त्या महिन्यातली २० तारीख मी साडेसातला घरी होते, आणि त्या आठवड्याची सरासरी ६८ आली. ऑफिसात तुमचं थोडंही चालत असेल तर बँडच्या आधी असली एखादी नोटीस निघते का बघा.

तक्रारी बऱ्याच आहेत. मे महिन्यात रबरी पट्ट्याखाली घामोळं आलं, चामडी लाल झाली. आता रोज पट्टा धुते, मनगट कोरडं करते आणि रात्री दुसऱ्या हातात घालते. हातात बांगड्या असतील तर बँड वर सरकवावा लागतो, तो सैल बसला की नाडीचे आकडे वाटेल ते दाखवतो. सणाच्या दिवशी मी काढूनच ठेवते. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडाही तिथेच, पण घरात कोणाला धाप लागत असेल तर त्यावर विसंबू नका, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वापरा आणि डॉक्टरांकडे जा. अ‍ॅप लोकेशन मागतं, कॉन्टॅक्ट्स मागतं. मी दोन्ही दिलेलं नाही, पावलं तरीही मोजली जातात.

ज्यांना आकडे दिसले की चैन पडत नाही, दर तासाला नाडी बघावीशी वाटते, त्यांनी हा घेऊ नये, काळजीत भरच पडेल. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, उगाच रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, अशी अवस्था असेल तर ते काम बँडचं नव्हेच. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी घ्यायचाच तर या किमतीतला कुठलाही चालेल. थरथरणारा गजर आणि झोपायच्या-उठायच्या वेळा दाखवणारा तक्ता आहे ना तेवढं बघा, ताणाच्या सूचना पहिल्याच दिवशी बंद करा. चार्जर जपून ठेवा. तो त्या-त्या बँडचाच लागतो, आणि आमच्याकडे मेनरोडला तीन दुकानं पालथी घालूनही मिळाला नाही, शेवटी ऑनलाइन मागवला.