गव्हाच्या वायद्याचं सराव-खातं: तीन तारे

जालन्याला आमची आडत. भारतात सेबीने डिसेंबर 2021 मध्ये गव्हाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आज भाव ठरवून केलेले सौदे, थांबवले, म्हणून इथं शिकागोत एका ब्रोकरच्या ॲपवर सराव-खातं उघडून बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. भाव क्विंटलला नाही, बुशेल या अमेरिकी मापाला, तोही सेंटमध्ये. एक सौदा 5000 बुशेलचा, म्हणजे जवळपास 136 टन! पाव सेंट हलला की साडेबारा डॉलर इकडचे तिकडे. रोजचा नफा-तोटा मार्जिनमधून, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेल्या अनामतीतून, कसा वळता होतो, ते ॲप झकास दाखवतं. पण डिसेंबरात संपणारा सौदा पुढे मार्चच्या सौद्यावर न्यायला गेलो तर बटणच सापडेना, आणि मदतकेंद्रावर वीस मिनिटं नुसतं संगीत. पैसे खोटे, घाम खरा. बाबा म्हणाले, "मुदत संपून माल आलाच तर उतरवणार कुठं, गॅरेजात?"