वर्गणी भरावी की चिपनम गाठावं? विल्टशरमधल्या घराण्याचा शोध घेताना

माझा नवरा इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीचा, स्विंडन शहरातला. मुलीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला तेव्हा माझ्या बाजूच्या सात पिढ्या हाताशी होत्या, कारण आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. तिच्या बाबांच्या बाजूला मात्र पणजोबांच्या मागे कुणाला काही ठाऊक नव्हतं. ती बाजू मी गेली चार वर्षं भरते आहे. हे कळल्यावर इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून एकच प्रश्न येतो: वंशावळीच्या संकेतस्थळाची ऑनलाइन वर्गणी घ्यावी, की थेट चिपनमच्या दफ्तरखान्यात जावं?

माझं उत्तर एका तारखेवर ठरतं. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. तुमचा शोध या तारखेच्या अलीकडचा असेल तर घरात बसून बहुतेक सगळं मिळेल. पलीकडचा असेल, त्यातून माणसं गरीब असतील, तर चिपनमला गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

ऑनलाइनची ताकद जनगणनेत आहे. १८४१ ची पहिली नावानिशी झाली, पण तीत मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढलेली असतात आणि जन्मगाव नसतं, फक्त याच काउंटीत जन्म झाला की नाही एवढंच. खरी कामाची १८५१ ची: कुटुंबप्रमुखाशी नातं, व्यवसाय, जन्माचा पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव), सगळं एका ओळीत. तिथून दर दहा वर्षांनी १९२१ पर्यंत यायचं. १९३१ ची जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि १९५१ ची २०५२ मध्ये खुली होईल. मधली पोकळी सप्टेंबर १९३९ मध्ये केलेल्या रहिवाशांच्या रजिस्टरने थोडी भरून निघते. स्विंडनचं घराणं असेल तर ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं नोकरदफ्तर हमखास चाळा. इथला कारखाना १८४३ ते १९८६ चालला आणि शहरातलं निम्मं जुनं नातंगोतं त्याच्या फाटकातून आत-बाहेर गेलेलं आहे. ती नोकरीची रजिस्टरं अॅन्सेस्ट्री या वर्गणीच्या संकेतस्थळावर आहेत.

तरीही पहिल्याच दिवशी कार्ड काढू नका. फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च ही नोंदी शोधायची संकेतस्थळं फुकट आहेत. सरकारी नोंदणी कार्यालयाची स्वतःची जन्मसूचीही फुकट पाहता येते आणि तीत अगदी १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. एकाच नावाची चार बाळं समोर आली की आपलं कुठलं ते या एका रकान्यावरून ठरतं. शिवाय इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत अॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट संगणकावर मोफत असतं. दोन शनिवार तिथे बसा, अडलात की मगच वर्गणी भरा.

आता ठेच कुठे लागते ते सांगते. नवऱ्याचे खापरपणजोबा १८५१ मध्ये स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात मजूर होते. एका साइटच्या सूचीत त्यांचं जन्मगाव बर्टन लिहिलेलं होतं. विल्टशरमध्ये नेटलटनजवळ बर्टन नावाचं गाव खरंच आहे, त्यामुळे मला संशय आला नाही. दोन महिने मी नेटलटनच्या नोंदी धुंडाळल्या. मग एके रात्री सूची बाजूला ठेवून मूळ पानाचं चित्र मोठं करून पाहिलं. पहिल्या अक्षराचं खालचं पोट म्हणजे वरच्या ओळीतल्या अक्षराची लोंबती शेपटी होती. ते इंग्रजी B नव्हतंच, P होतं. गाव पर्टन, स्विंडनपासून हाकेच्या अंतरावर! सूची कुणीतरी वाचून केलेली असते, पुरावा मूळ पानच. तेव्हापासून मूळ पान बघितल्याशिवाय मी कुणालाही वंशवृक्षावर चढवत नाही.

पर्टन हाती आलं, पण १८३७ चा उंबरठाही आला. इथून पुढे पॅरिशची रजिस्टरं. ती ठेवायचा हुकूम १५३८ मधला. लग्नांची नोंद १७५४ पासून नीट नमुन्यात येते, बाप्तिस्म्याची १८१३ पासून, आणि त्यात बापाचा धंदाही असतो. ही रजिस्टरं ऑनलाइन आली आहेत, त्यामुळे निव्वळ नावं आणि तारखा हव्या असतील तर इथवरही घरबसल्या भागेल. मृत्युपत्रांतही ऑनलाइन पुढे आहे: सॉल्सबरीच्या बिशपच्या कक्षेतली १५४० ते १८५८ मधली लाखावर मृत्युपत्रं स्कॅन झाली आहेत. पण मृत्युपत्र करायला मागे ठेवण्याजोगं काही असावं लागतं, आणि आमचे लोक शेतमजूर.

म्हणून चिपनम. विल्टशर अँड स्विंडन हिस्ट्री सेंटर स्टेशनाला लागूनच आहे, स्विंडनहून ब्रिस्टलची गाडी धरली की पहिलंच स्टेशन. तिथे मला खापरपणजोबांच्या वडिलांची जबानी मिळाली. १६६२ च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर होती, त्यामुळे कुणी मदत मागितली की दोन मॅजिस्ट्रेट त्याला सगळं आयुष्य विचारून घेत. जन्म पर्टन. लहानपणापासून शेतावर. मग क्रिकलेडकडच्या एका शेतकऱ्याकडे मिकलमस (२९ सप्टेंबरचा सण) ते मिकलमस चाकरी, वर्षाचे चार पौंड आणि खाऊनपिऊन. म्हणजे सालगडीच! आपल्याकडे पाडव्याला बोली व्हायची, तशी इथे २९ सप्टेंबरला. अविवाहित माणसाने वर्ष पुरं केलं की त्या पॅरिशवर त्याचा हक्क लागे. म्हणून काही मालक मुद्दाम एकावन्न आठवड्यांसाठीच ठेवत. हे वाचल्यावर जबानीतला प्रत्येक महिना मी बोटांवर मोजला. आमच्या माणसाचं वर्ष पुरं भरलं होतं. खाली सहीच्या जागी फुली, एक रेघ जाड, एक बारीक. आपल्या जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, तिची मला तिथे फार आठवण झाली. अशा कागदांतला फारच थोडा भाग ऑनलाइन आहे. वर्गणीच्या सोळा महिन्यांत या माणसाची मला फक्त तारीख मिळाली होती, चिपनमच्या एका दुपारी तो बोलला.

दफ्तरखान्याच्या अडचणीही आहेत. दिवस मोडतो, कागद कुठल्या पेटीत आहे ते आधी कॅटलॉगात शोधावं लागतं, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातली लिखावट सरावाशिवाय वाचता येत नाही. मोडी शिकताना जी दमछाक होते तीच. कोर्टकचेरीचे कागद तर १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये. पुण्यात बसून शोध घेणाऱ्याला हे झेपणार नाही. त्याने ऑनलाइन शोधावं आणि हव्या त्या एखाद्याच कागदाची प्रत पैसे भरून मागवावी.

घराण्यापेक्षा घराचा किंवा गावाचा इतिहास हवा असेल तर हिशेब पूर्ण वेगळा. भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे करता येतं, मुलांना तर फारच आवडतं. यासाठी वर्गणी नकोच. ‘नो युअर प्लेस’ या फुकटच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात, ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ या काउंट्यांच्या इतिहासाच्या ग्रंथमालेचे बरेच खंड ऑनलाइन आहेत, आणि स्विंडनच्या मध्यवर्ती वाचनालयातला स्थानिक इतिहासाचा विभाग जुने फोटो आणि रस्त्यांच्या डिरेक्टऱ्या हातात देतो.

स्विंडनमध्ये गोव्याची पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांची मुळं चिपनमला सापडायची नाहीत, पण गोव्यातल्या चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं ज्याने पाहिली आहेत त्याला इंग्लिश पॅरिश रजिस्टर परकं वाटणार नाही.

चिपनमला जायचं ठरवलंत तर पत्त्याचा पुरावा आणि पेन्सिल घ्या, शाईचं पेन आत चालत नाही. सोबत १८५१ च्या जनगणनेतल्या तुमच्या ओळीची छापील प्रत ठेवा. मी पहिल्या खेपेला ती घरीच विसरले होते, आणि पर्टनमध्ये एकाच नावाचे तिघं निघाले.