कोल्हापूरच्या उद्यमनगरातले गाडी-वायरिंगवाले मामा: आधी करंट कुठनं घेतलाय ते बघतात

शुक्रवारी रात्री आठला रत्नागिरीत गाडी लावली, शनिवारी लग्नाच्या गडबडीत तिच्याकडं बघितलंही नाही, आणि रविवारी सकाळी आठला चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’. बॅटरी सात महिन्यांची. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू केली आणि कुठंही बंद न करता आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. बायको म्हणाली, चहाला तरी थांबू. थांबलो, इंजिन चालू ठेवून, आळीपाळीनं.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. दिवसाचे चार-पाच तास गाडीतच जातात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी वॅगनआरला सीटखाली बसणारा सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या बासचा स्पीकर घेतला, आतच आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो तसला. जिथं घेतला त्या दुकानात (नाव घेत नाही) ‘फिटिंग फ्री’ होतं. पोरानं चाळीस मिनिटांत काम उरकलं. मीच खूश होऊन त्याला वर शंभर रुपये दिले. आठवड्याभरात स्टिरिओ आणि आतला दिवा दोन्ही एकदम गेले. फ्यूज उडालेला. परत गेलो तर त्यानं १५ अँपिअरचा निळा काढून ३० चा हिरवा बसवला. “आता नाय उडणार सर.” खरंच उडाला नाही. फक्त आवाज वाढवला की डॅशबोर्डमागून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास यायचा, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबेल तसं स्पीकरमधून कुईंऽऽ चढत जायचं.

सोमवारी एका गॅरेजवाल्यानं उद्यमनगरातल्या मामांकडं धाडलं. पत्र्याचं शेड, बाहेर बोर्ड नाही. मामांनी सबवूफर किती वॅटचा, केवढ्याला घेतला, काही विचारलं नाही. चावी काढायला लावली, दारं बंद करून थोडा वेळ थांबले, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडवून मध्ये मीटर लावला. ०.९ अँपिअर.

“बंद गाडी एवढं खातीया. किती येळ हुबी हुती?”

छत्तीस तास. ०.९ गुणिले ३६ म्हणजे बत्तीस अँपिअर-अवर, आणि माझी बॅटरी ३५ ची. लग्नात आम्ही जेवत होतो आणि बाहेर सबवूफर बॅटरी जेवत होता.

स्टिरिओ बाहेर काढल्यावर सगळं दिसलं. पिवळी वायर कायम चालू असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल वायर चावीवर चालते. निळी-पांढरी बारीक वायर फक्त अ‍ॅम्प्लिफायरला ‘ऊठ’ आणि ‘झोप’ सांगायला असते. पोरानं सबवूफरचा मुख्य सप्लाय आणि ‘ऊठ’वाली वायर, दोन्ही पिवळीलाच पिळून वर टेप मारली होती. म्हणजे तो कधी झोपलाच नाही. वर स्टिरिओपुरत्या बारीक वायरमधून स्टिरिओ, दिवा आणि सबवूफर तिघांचा करंट. पिवळीचं आवरण बोटभर लांबीत मऊ होऊन चिकट झालेलं. मामांनी ते माझ्या हाताला लावून दाखवलं. “फ्यूज वायरीला वाचवायला आसतुय सायेब. त्यो मोठा केला की मग वायरच फ्यूज.” हिरवा फ्यूज काढून पुन्हा १५ चा घातला.

मग काम. सबवूफरला थेट बॅटरीवरून जाड तांब्याची वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर वेगळा फ्यूज. तो सबवूफरजवळ का नाही, विचारलं. वायर इंजिनाकडून आत येते तिथं पत्र्यावर घासून कुठं टेकली, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला वाली कुणी नसतो, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. त्या भोकात रबरी बूचही बसवलं. अर्थिंगला सीटखालच्या बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला. कुईं तिथंच थांबलं. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावत नाहीत. निळी-पांढरी वायर तिच्या जागी गेली.

डॅशकॅमची वायर लायटर सॉकेटमधून लोंबत होती, तीही आत घ्यायला सांगितली. माझी हौस अशी की कॅमेरा रात्रभर चालावा. मामांनी विचारलं, “रात्री गाडी कुठं लावताय?” म्हटलं, फाटकाच्या आत. “मग कुनाचं शूटिंग करताय?” विषय संपला. कॅमेरा चावीवर चालणाऱ्या सॉकेटच्या फ्यूजवरच घेतला, फ्यूज टॅप लावून. हा टॅप साठ रुपयांचा. मूळ फ्यूजच्या जागी खोचायचा, त्यात दोन फ्यूज बसतात, एक जुना, एक नव्या वायरीचा. गंमत अशी की तो उलटा खोचला तरी कॅमेरा लागतो. मामांनी खोचल्यावर त्यातला जुना फ्यूज उपसला. कॅमेरा विझला. टॅप फिरवून परत खोचला, पुन्हा जुना उपसला, आता कॅमेरा चालूच. हे सुलट. उलट्यात कॅमेऱ्याचाही भार जुन्या फ्यूजवरूनच जातो. एअरबॅग आणि ब्रेकच्या एबीएसच्या फ्यूजांवर त्यांनी आधीच चिकटपट्टी मारून ठेवली होती, चुकूनही हात जाऊ नये म्हणून.

शेवटी पुन्हा मीटर. ०.०२.

सामान चौदाशे, मजुरी आठशे. पाचात चार देईन. एक कापला तो असा: ‘दोन तासांत देतो’ म्हणाले आणि पाच तास लागले, बिल मिळत नाही, फोन उचलत नाहीत, आणि वायरीवर जाळीचं कव्हर हवं असेल तर आधी सांगावं लागतं, नाहीतर काळी टेप. दुपारी जाऊ नका, झोपलेले असतात. आणि बसायला खुर्ची एकच आहे, तिच्यावर बॅटऱ्या ठेवलेल्या असतात.