सात महिने तंबूत: मेडिव्हल २ मधल्या वाळवंटी टोळ्या खेळून झाल्यावर

मेडिव्हल २: टोटल वॉर हा मध्ययुगातलं एखादं राज्य घेऊन लढायचा गेम २००६ चा. माझा लॅपटॉप त्याहून फार तरुण नाही, म्हणून दोघांचं जमतं. गेल्या गणपतीत एका मित्राने पेन ड्राइव्हवर एक मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करणारी भर, आणून दिला. हौशी पोरांनी बनवलेला, त्यात वाळवंटातल्या भटक्या टोळ्या घेऊन खेळता येतं. तेव्हापासून रात्री जेवणं झाली की तास-दीड तास हेच चालू आहे. दोन दिवस खेळून लिहिलेल्या कौतुकाला मी आधी फसलोय, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

मूळ गेममध्ये वाळवंट म्हणजे नकाशावरचा पिवळा रंग. मूर लोकांना, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधल्या मुसलमानांना, तुआरेग उंटस्वार भालेकरी मिळतात, पुढे उंटावरचे बंदूकवालेही मिळतात (ते पहिल्यांदा दिसले तेव्हा पानिपतावरच्या अब्दालीच्या जंबुरकाच आठवल्या). खाली, सहाराच्या दक्षिण कडेला टिंबक्टू आहे. तिथे सगळ्यांचं एकच काम: व्यापारी नेऊन उभे करायचे आणि पैसे ओढायचे. तिथवरची वाट कोणाची, वाटेवरचं पाणी कोणाचं, हे कोणी विचारत नाही.

मॉड नेमकं तेच विचारतो. विहिरी नकाशावर दाखवल्यात. विहिरीपासून दोन टर्न (खेळातल्या पाळ्या) लांब राहिलात की सेनापतीला ‘तहानलेला’ हा शिक्का बसतो, चाल निम्मी होते आणि माणसं गळायला लागतात. पहिल्या खेपेला मी मोरोक्कोतल्या सिजिल्मासाहून सहारातल्या तघाझाच्या मिठाच्या खाणीकडे निघालो तो घोडदळ घेऊन. अर्धं वाटेतच संपलं. दुसऱ्या खेपेला सगळ्या सांडण्या नेल्या, सुखरूप पोचलो. प्रवासी इब्न बतूताला १३५२ मध्ये याच वाटेला २५ दिवस लागले होते. तघाझात त्याने मिठाच्या लाद्यांची घरं पाहिली, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. माझ्या सैन्याला तीन टर्न लागले, आणि या गेममध्ये एक टर्न दोन वर्षांचा, म्हणजे सहा वर्षं! त्याला मॉडवाले काय करणार.

खेळायला मुख्य टोळ्या दोन. एक लमतुना, म्हणजे सन्हाजा या बर्बर टोळ्यांपैकी, तोंडावर लिथाम गुंडाळणारे. अकराव्या शतकात मोरोक्को आणि स्पेनवर राज्य करणारी अल्मोराविद राजवट यांच्यातूनच उभी राहिली. दुसरी बनू हिलाल, ही अरब टोळी. बाकीच्या दोन नावापुरत्या आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लमतुनात इतिहासाचा एक घोळ आहे, पण मला तोच आवडला. गेम १०८० ला सुरू होतो आणि मोरोक्कोतलं माराकेश मूर लोकांकडे असतं. खरं तर ते शहर अल्मोराविदांनीच सुमारे १०७० मध्ये वसवलं, म्हणजे गेममधले ‘मूर’ हे तेव्हाचे अल्मोराविदच. थोडक्यात, मॉडमध्ये मी माझ्याच भावकीशी लढतोय. आणि भावकीचं हे प्रकरण खोटंही नाही. अल्मोराविदांचा म्होरक्या अबू बक्र इब्न उमर वाळवंटातलं भांडण मिटवायला दक्षिणेला गेला, मागे चुलतभाऊ यूसुफ इब्न ताशफीनला ठेवून. परत आला तर यूसुफ गादी सोडेना. शेवटी अबू बक्र नजराणे घेऊन पुन्हा वाळवंटात गेला, आणि यूसुफने १०८६ मध्ये स्पेनमध्ये झल्लाकाची लढाई मारली. मॉडमध्ये आपण अबू बक्रच्या बाजूला आहोत असं धरलं की सगळं जुळतं.

पहिल्या कॅम्पेनमध्ये (सुरुवातीपासूनच्या पूर्ण मोहिमेत) अर्थातच मी माराकेश घेतलं. चिलखत जितकं जड तितका उन्हात दम लवकर सुटतो, हे मूळ गेममध्येच आहे. त्यात उंटांच्या वासाने घोडे बिथरतात. समोरचं जड घोडदळ टेकडी चढता चढताच मोडलं. शहरात शिरलो, खजिना हाती आला, मी खूश. पुढच्या टर्नला बघतो तर अर्ध्या टोळीने तंबू मोडलेले. नवीन सांडणीस्वार मिळेनात, शहरात मिळतात ते पगारी प्यादे. दर माणसामागे ‘असबिया’ नावाचा आकडा असतो, म्हणजे टोळीचा एकोपा. माझ्या म्हाताऱ्या याह्याचा आकडा ५ होता, शहरात वाढलेल्या मुलाचा ३. नातवाचा शून्य, वर ‘हमामाचा शौकीन’ हा गुण. त्याच नातवाच्या हातून माराकेश गेलं. टोळी शहरात आली की तीन-चार पिढ्यांत तिची रग जाते, हे चौदाव्या शतकातल्या इतिहासकार इब्न खल्दूनचं म्हणणं मी पुस्तकात वाचलं होतं. ते कळलं या नातवामुळे. खऱ्या अल्मोराविदांच्या हातूनही माराकेश ११४७ मध्ये गेलंच.

बनू हिलाल मात्र बिघडवलेत. त्यांचं सगळं उत्पन्न लुटीचं. टोळी म्हणजे टोळधाड, विषय संपला. ही उपमा मूळची इब्न खल्दूनचीच, पण तो त्यांच्या उत्तर आफ्रिकेवरच्या स्वारीनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता आणि शहरवाल्यांच्या बाजूने बघत होता. आमचं गाव माणदेशातलं. धनगरांचा वाडा येणार म्हटलं की शेतकरी आपण होऊन बोलावणं धाडतो, मेंढरं रानात बसवून घेतो, वर धान्य नाहीतर पैसे देतो, कारण खत. सहारातही खजूर पिकवणारे आणि उंटवाले यांचं असंच देणंघेणं चालायचं: खजूर, मीठ, वाटाड्या, संरक्षण. त्यातलं काहीच मॉडमध्ये नाही. लुटून लुटून आजूबाजूला लुटायला उरत नाही आणि साठाव्या टर्नपर्यंत कंटाळा येतो.

तांत्रिक बाजू: दोन वेढे एकाच टर्नला संपले की गेम बंद पडतो. माझं चाळीस टर्नांचं कॅम्पेन यात गेलं. ऑटोसेव्हवर विसंबू नका, वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करा. लिथामवाल्या सैनिकांचे चेहरे लांबून सपाट काळे दिसतात, ते अजून सुधारलेले नाहीत. लोडिंगला इतका वेळ लागतो की चहा होतो.

सध्या तिसरं कॅम्पेन चालू आहे, पुन्हा लमतुनाच. माराकेश या वेळी घेतलेलं नाही. दर आठ-दहा टर्नांनी वेढा घालतो, चौथाई ठरवतो आणि विहिरीवर परत येतो. मूर राजाने कालच्या टर्नला मुलगी देऊ केली. म्हातारा सेनापती अजून तंबूतच आहे, असबिया ५.