जुन्या दप्तरासाठी ओव्हरहेड स्कॅनर : पावसाळाभर वापरल्यानंतर

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू होऊन मी प्रबंधक म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर जुने दप्तर डिजिटल करण्याचे काम संस्थेने माझ्याकडेच सोपवले. त्यासाठी घेतलेला ओव्हरहेड स्कॅनर जूनपासून वापरात आहे.

साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची बांधीव नोंदवही) पालथे दाबून धरावे लागते आणि आमच्या हवेत सादळून, पुन्हा वाळून ठिसूळ झालेली शिवण त्या दाबाने उसवते. येथे रजिस्टर टेबलावर उघडेच राहते, कॅमेरा वरून प्रतिमा घेतो आणि पानाचा बाक सॉफ्टवेअर सरळ करते. ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) फिकट शाईही वाचता येते. कसरीने खाल्लेल्या पानाखाली काळा कागद सरकवावा, म्हणजे मागची अक्षरे भोकांतून डोकावत नाहीत.

छापील देवनागरी मजकूर यंत्र बऱ्यापैकी ओळखते, हस्ताक्षर मात्र नाही. आमच्या जुन्या हेडक्लार्कांचे मोडीच्या वळणाचे अक्षर तर मलाही दोनदा पाहावे लागते. त्यामुळे सूची हातानेच करावी लागली. विक्रेत्याच्या तयार नमुन्यात नाव, वर्ष आणि परीक्षा क्रमांक एवढेच रकाने होते, आणि माझा खरा आक्षेप येथे आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या मालवण-कुडाळच्या विद्यार्थ्यांपुढे ‘जि. रत्नागिरी’ असेच लिहिलेले असल्याने तालुक्याचा रकाना नसेल, तर गावांनुसार शोध घेणे अशक्य होते. पालकाचा व्यवसाय हा रकाना तर मी हट्टाने ठेवून घेतला. सत्तरच्या दशकातील पानांवर ‘गिरणी कामगार, मुंबई’ ही नोंद इतक्या वेळा येते की लिपिकांनी पुढे नुसते ‘गि. का.’ लिहिले आहे. १९८२ च्या संपानंतरच्या वर्षांत त्याच गावांतील मुलांपुढे ‘शेती’ आणि ‘मजुरी’ दिसू लागते, फीमाफीच्या अर्जांची फाईल जाड होते, आणि पुढे हळूहळू ‘आंबा व्यवसाय’, ‘रिक्षा’, ‘हॉटेल’ अशा नोंदी येतात. याच काळात मुलींची नावेही वाढत गेली. महाविद्यालयाच्या इमारती किती वाढल्या ते स्मरणिकांत छापलेले आहे, पण शिकायला कोण येत होते, ते या रकान्यातच कळते.

वीज वारंवार जात असल्याने यूपीएस अनिवार्य समजावा. एकदा मध्येच वीज गेल्याने चालू फाईल पूर्ण खराब झाली. दुरुस्तीचा माणूस कोल्हापूरहून येतो आणि आंबा घाटात दरड आली की त्याची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. पायाने दाबायचे पेडल वेगळे विकत मिळते. दोन्ही हात पानांवर मोकळे राहत असल्याने ते जरूर घ्यावे. प्रतिमा पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या स्वरूपात साठवाव्यात आणि एक प्रत इमारतीबाहेर ठेवावी.

ज्यांच्याकडे केवळ सुटे दाखले आणि अर्ज आहेत, त्यांना शीट-फीड स्कॅनर स्वस्त आणि वेगवान पडेल. बांधीव रजिस्टरांसाठी मात्र हेच यंत्र घ्यावे आणि सूचीचे रकाने स्वतः ठरवावेत.