हळदीच्या धुळीतले ई३झेड : कुठे कुठला सेन्सर चालतो

फोटोइलेक्ट्रिक सेन्सर, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने समोरची वस्तू ओळखणारा डबा, मागितला की काउंटरवरचा माणूस पहिलं विचारतो, "मॅडम, रेंज किती पाहिजे?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी बघायचं ते समोरून काय जाणार, ते चकचकीत की काळपट, त्याच्या मागे काय आहे आणि हवेत काय उडतंय. एवढं कळलं की रेंजचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआपच मिटतो.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका पॅकिंग युनिटचं मेंटेनन्स बघते. मसाले आणि सरबतं. म्हणजे एकाच छपराखाली हळद-मिरचीची पूड, चंदेरी पाउच, पारदर्शक पेट बाटल्या आणि खाकी खोके. लाइनवर बहुतेक ठिकाणी ओमरॉनचे ई३झेड आहेत. जेमतेम ३१ मिलिमीटर उंचीचा डबा, १२ ते २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, आयपी६७, म्हणजे धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडला तरी हरकत नाही. हे मॉडेल चांगलं आहेच, पण ई३झेड हा एक सेन्सर नव्हे, ते अख्खं कुटुंब आहे. त्यातला चुकीचा उचलला तर कंपनी कितीही चांगली असो, लाइन उभीच राहणार.

सगळ्यात जास्त खपतो तो डिफ्यूज, म्हणजे वस्तूवर आपटून परत आलेला प्रकाश बघणारा. प्रकाश टाकणारा आणि घेणारा एकाच डब्यात, समोर रिफ्लेक्टर नको, एकच ब्रॅकेट, काम झालं. म्हणून सगळ्यांना आवडतो, आणि सगळ्यात जास्त तक्रारीही त्याच्याच. ई३झेड-डी६२ची रेंज १ मीटर लिहिलेली असते, ती ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या पांढऱ्या कागदावर मोजलेली. काळ्या मॅट वस्तूवर तीच रेंज कितीतरी खाली येते. त्यात मागे स्टीलचं गार्ड असेल तर सेन्सरला गार्डच दिसत राहतं. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हरने सेन्सिटिव्हिटी कमी करतं, गार्ड दिसायचं बंद होतं आणि त्याबरोबर काळा डबाही दिसेनासा होतो. हा खेळ मी अनेक कारखान्यांत पाहिलाय.

अशा जागी ई३झेड-एलएस घ्यावा. हा किती प्रकाश परत आला यावर विसंबत नाही, प्रकाश कुठल्या कोनातून परत आला यावरून अंतर ठरवतो. ठरवलेल्या अंतराच्या पलीकडचं सगळं तो सोडून देतो. एलएस६१ला हे अंतर साधारण ४० ते २०० मिलिमीटरपर्यंत ठरवता येतं. याला एक गुलाबी वायर जास्तीची असते. ती मोकळी ठेवली किंवा मायनसला जोडली तर मागचं दिसत नाही, प्लसला जोडली तर उलटं, पुढचं दिसत नाही. काही वायरमन जास्तीची वायर दिसली की कुठेतरी बांधून टाकतात, त्यांच्यावर नजर ठेवा. चंदेरी, चुरगळलेला पाउच मात्र यालाही चकवू शकतो, कारण तो प्रकाश भलतीकडेच फेकतो. तिथे मी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आडवी थ्रू-बीम जोडी लावते, म्हणजे एका बाजूला प्रकाश टाकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, आणि मधून वस्तू गेली की प्रकाश अडतो.

खोक्यांच्या कन्व्हेयरवर रिफ्लेक्टरवाला, ई३झेड-आर८१. समोरच्या रिफ्लेक्टरवरून परतणारा प्रकाश खोक्याने अडवला की खोका आला असं तो समजतो. ई३९-आर१एस रिफ्लेक्टरसह ४ मीटरपर्यंत चालतो, लाल ठिपका डोळ्यांना दिसत असल्याने जुळवणं सोपं. यातला प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात. रिफ्लेक्टरच्या बारीक कोपऱ्यांतून परतताना ही डोलण्याची दिशा ९० अंशांनी फिरते आणि सेन्सर तेवढाच प्रकाश मोजतो. म्हणून चकचकीत डबा समोर आला तरी तो रिफ्लेक्टर असल्याचा भास होत नाही. पण खोक्यावर स्ट्रेच फिल्म गुंडाळलेली असेल तर ती फिल्म ध्रुवण बिघडवते आणि खोका असूनही नसल्यासारखा वाटू शकतो. दुसरं म्हणजे रिफ्लेक्टर अगदी नाकाशी लावू नका, किमान १०० मिलिमीटर अंतर हवंच.

पेट बाटलीला हाच आर८१ लावायचा मोह होतो. रिकाम्या बाटलीतून प्रकाश आरपार जातो, जाता-येता थोडासाच कमी होतो, आणि साध्या सेन्सरला तेवढा फरक पुरत नाही. त्यासाठी ई३झेड-बी आहे, तो हा थोडासा फरक पकडण्यासाठीच बनवलाय. लहान रेंजचा ५०० मिलिमीटरपर्यंत चालतो, आमच्या बाटल्यांच्या पट्ट्याला भरपूर. लावताना बाटली हातात धरून वर-खाली सरकवावी आणि कुठल्या उंचीवर आउटपुट ठामपणे बदलतं ते बघूनच ब्रॅकेट आवळावा. रिफ्लेक्टरवर पाण्याचे थेंब उडत असतील तर आधी थेंबांचा बंदोबस्त.

आता हळद. पूड भरायच्या मशीनपाशी थ्रू-बीम सोडून मी काहीही लावत नाही. ई३झेड-टी८१ १५ मीटरचा आहे आणि आमचा पट्टा अर्ध्या मीटरचा. नवीन पोरं विचारतात, "ताई, एवढ्या जवळ १५ मीटरचा कशाला?" कारण वाया जातोय असं वाटणारा प्रकाश धुळीसाठी राखून ठेवायचा असतो. फार घाण जागेत गरजेच्या ५० पट प्रकाश हाताशी असावा असा अंदाज धरतात. शिफ्ट संपेपर्यंत लेन्सवर पिवळा थर बसतो, बोट फिरवलं तर बोट पिवळं होतं, तरी हा बघत राहतो. नारिंगी दिवा आउटपुटचा आणि हिरवा स्थिरतेचा. हिरवा मिणमिणायला लागला की आमचे काका सुक्या सुती फडक्याने लेन्स पुसतात. थिनर अजिबात नको, लेन्स प्लास्टिकची आहे. जोडी आडवीच लावा. वर तोंड करून लावलेल्या लेन्सवर हळदीचा ढीग होतो. दोन जोड्या शेजारी असतील तर एकीचा टाकणारा डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, म्हणजे एकमेकींचा प्रकाश खाणार नाहीत.

वेगाची चिंता लोक उगाच करतात. यांचा प्रतिसाद १ मिलिसेकंदाचा. पट्टा मिनिटाला ३० मीटर धावत असेल तर तेवढ्या वेळात वस्तू अर्धा मिलिमीटर सरकते. पीएलसीचा, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, स्कॅन (प्रोग्रामचा एक फेरा) १० मिलिसेकंद असेल तर तिथेच ५ मिलिमीटर जातात. दोन पाउचमधलं अंतर कमी असेल तर आधी प्रोग्राम बघा, मग सेन्सरला नावं ठेवा.

वायरिंग सरळ आहे : तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट. मॉडेलच्या आकड्यात पहिला ६ म्हणजे एनपीएन (आउटपुट मायनसला जोडणारा), ८ म्हणजे पीएनपी (आउटपुटवर प्लस देणारा), तेव्हा मागवण्याआधी पीएलसीचं इनपुट कार्ड उघडून बघा. आउटपुटची मर्यादा १०० मिलिअँपिअर, त्यावर थेट सोलेनॉइड (व्हॉल्व्ह वगैरे ओढणारी चुंबकी कॉइल) चढवू नका, मध्ये रिले घाला. लाइट-ऑन (प्रकाश मिळाला की आउटपुट चालू) की डार्क-ऑन (प्रकाश अडला की चालू), हे ठरवताना वायर तुटल्यावर काय होईल ते बघावं. माल अडकल्याचं ओळखायचं असेल तर मी थ्रू-बीम लाइट-ऑनवर ठेवते. वाट मोकळी असताना सिग्नल चालू, आणि वायर तुटली किंवा लेन्स बुजली की सिग्नल जातो आणि लाइन थांबते. उलटं ठेवलं तर तुटलेल्या वायरवर लाइन मजेत धावत राहील.

कॉलेजच्या प्रोजेक्टमधला ई१८-डी८०एनके स्वस्त पडतो म्हणून तोच लावायचा सल्ला हमखास मिळतो. तो ५ व्होल्टचा, ८० सेंटिमीटरपर्यंतचा डिफ्यूज. शिकायला उत्तम, पण २४ व्होल्टच्या पॅनेलमध्ये त्याचं काम नाही. आणि कटरपाशी माणसाचा हात वाचवायला यांतला कुठलाच साधा सेन्सर वापरू नका, मग तो कितीही महाग असो. तिथे आयईसी ६१४९६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टाइप ४ची सेफ्टी लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) आणि सेफ्टी रिलेच हवा.

ऑर्डर देताना आणखी एक. शक्यतो केबलवाल्याऐवजी एम८ कनेक्टरवाला मागवा, म्हणजे आर८१ऐवजी आर८६. थोडा महाग पडतो, पण रात्रपाळीत केबल ट्रे न उघडता बदलता येतो. ब्रॅकेट आणि रिफ्लेक्टर वेगळे मागवावे लागतात, कोटेशनमध्ये ते आहेत का बघा. नाहीतर सेन्सर येतो आणि रिफ्लेक्टर पुढच्या आठवड्यात.